पोट सुलक्षणाचं, केसपेपर गुणाजीचा

खानावळवालीचं पोट दुखू नये, असा काही सरकारी कायदा नाही. पण घाटकोपरच्या भटवाडीत तो होता, आणि तो मोडायची छाती सुलक्षणा धुरीला दहा महिने झाली नाही. आता कुणी म्हणेल, बाई अडाणी असणार. अजिबात नाही. सातवी पास, अठरा मेंबरांची खानावळ एकटीच्या जिवावर चालवणारी, आणि बाजारात मासेवालीशी हुज्जत घालून वर दोन बांगडे फुकट उकळणारी बाई ती. ती चांगली शहाणी होती, आणि त्या शहाणपणानेच तिची वाट लावली.

ब्याऐंशीच्या संपात तिच्या नवऱ्याची, गुणाजीची, गिरणी बंद पडली ती पडलीच. साचेखात्यात मागांपुढे वीस वर्षं उभा राहिलेला माणूस घरी येऊन असा काही बसला की आता ह्या जन्मात उभं राहायचं म्हणून त्याच्या वाट्याला काही उरलंच नव्हतं. चूल तर पेटायला हवी होती. सुलक्षणाने एका स्टोव्हचे दोन केले, दोनांचे तीन केले आणि बाहेरच्या खोलीत पंगती बसवायला लागली. मेंबर म्हणजे महिन्याच्या बोलीवर जेवणारे पुरुष. सगळे मालवण, देवगड, कणकवलीकडचे, बायकापोरं गावाला ठेवून मुंबईत एकटे राहणारे. कुणी विक्रोळीच्या कारखान्यात, कुणी बसवर कंडक्टर, कुणी वॉचमन. सकाळी डबे, संध्याकाळी दोन पंगती, रविवारी मटण.

दुसरी पंगत बसली की सुलक्षणाही आपलं ताट घेऊन उंबऱ्याशी बसायची. हा रिवाज तिने मुद्दाम पाडला होता. खानावळवालीने आपल्याच टोपातलं आठ माणसांदेखत खाल्लं की तेलाबद्दल, मसाल्याबद्दल कुणाच्या मनात शंका येत नाही. तिच्या अगदी समोर सहदेव बसायचा. तो सगळ्यांत जुना मेंबर, तिच्या माहेरच्या वाडीतला, पण इतरांसारखंच तिला वैनी म्हणणारा. ती कुठला घास आधी खाते, वरून तवंग काढते की तळातला रस्सा घेते, हे तो जेवता जेवता बघत असायचा. वाईट हेतूने नव्हे हो. माणूस जेवताना कुठेतरी बघतोच.

आता पोटाची एवढी भीती कशाला, तर तेही सांगायला हवं. पलीकडच्या गल्लीत रुक्मिणीची खानावळ होती, सुलक्षणाच्या आधीपासूनची. एकदा रुक्मिणीला काहीतरी बाधलं आणि ती पोट धरून दवाखान्याच्या बाकावर बसलेली कुणाला तरी दिसली. साधे जुलाब, दोन दिवसांत बरे झालेले. पण तेवढ्यात भटवाडीभर झालं की रुक्मिणीलाच रुक्मिणीचं जेवण पचत नाही. आठवडा उलटायच्या आत तिचे नऊ मेंबर सुलक्षणाच्या दारात. त्यांना वाढता वाढता सुलक्षणा म्हणाली होती की रुक्मिणी बाई म्हणून चांगलीच आहे हो, पण तेल कुठलं वापरते कोण जाणे. बस्स, चिमूटभर मीठ. तेवढ्यावर रुक्मिणीचे उरलेलेही निघून गेले. त्या दिवशी सुलक्षणाने कानाला खडा लावला की आपण कधी पोट धरून कुठल्या बाकावर दिसायचं नाही.

चौऱ्याऐंशीची दिवाळी झाली आणि एका रविवारी, मटण जेवून तास झाला असेल नसेल, तिच्या उजव्या बरगडीखाली कळ आली. कळ म्हणजे साधी नव्हे. आतून कुणी पीळ घालतंय अशी, मागे पाठीत शिरून खांद्याच्या पात्यापर्यंत जाणारी. अर्धा तास ती मोरीत भांड्यांपुढे वाकून बसली आणि कळ आली तशी गेली. पित्त असेल, ती म्हणाली, आणि आमसुलाचं पाणी प्यायली. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच झालं तेव्हा तो वायू होता, म्हणून ओवा चावला. नाताळात बेंबी सरकली होती. संक्रांतीला पाट्यावर वाटप वाटून वाटून खांदा भरला होता. दुखणं एक, त्याला नावं चार, आणि चारांतल्या एकालाही डॉक्टर लागत नव्हता.

शिमग्यापर्यंत कळ आठवड्यातून दोनदा यायला लागली. तेलकट खाल्लं की हमखास. उलटी व्हायची तेव्हा ती मोरीतला नळ मोठा सोडायची, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. भाताचा टोप उचलताना एकदा डोळ्यांत पाणी आलं तेव्हा स्टोव्हच्या धुरावर ढकललं. ब्लाऊज खांद्यावरून उतरायला लागले. मेंबरांपैकी कुणी म्हणालं, वैनी बारीक झालात, तर तिने सोमवार, गुरुवार आणि चतुर्थी असे तीन उपास एका दमात सांगून टाकले. एकटी असली की मात्र ती घाबरायची. खरंच घाबरायची. आत काहीतरी आहे आणि ते वाढतंय, हे तिला कळत होतं. पण पोट गेलं तर आपण एकटे जाऊ आणि खानावळ गेली तर घरच जाईल, असा तिचा हिशोब होता. आपण गेल्यावर खानावळ कोण चालवणार, हा सवाल त्या हिशोबात कुठेच नव्हता.

बरं, एवढं झाल्यावर बाईने डॉक्टर गाठावा की नाही? गाठलाच. फक्त स्वतः गेली नाही, नवऱ्याला पाठवलं. माझं दुखणं तुमचं म्हणून सांगा, औषध आणा, मी घेते. बिनकामाच्या पुरुषाचं पोट दुखलं तर खानावळीला काय धक्का? उलट, बसून बसून दुखतं म्हणतील. ही युक्ती सुचली तेव्हा तिला स्वतःचंच कौतुक वाटलं.

गुणाजी आधी कुरकुरला, पण त्याच्यात एक गुण होता. तरुणपणी गावच्या जत्रेत तो दशावतारी नाटकात राजाचं काम करायचा आणि मरायच्या प्रवेशात इतका वेळ मरायचा की पेटीवाला कंटाळून विडी शिलगवायचा. सुलक्षणाने त्याला दुपारी समोर बसवून शिकवलं. हात इथे ठेवायचा, डावीकडे नव्हे, उजवीकडे. कळ मागे जाते. तेलकटाने येते. दोन दुपारी तालीम झाली आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गुणाजी पोटावर हात दाबून, भिंतीचा आधार घेत घेत चाळीतून निघाला. चाळीतल्या चार बायकांनी विचारलं, भावोजींना काय झालं? सुलक्षणा म्हणाली, बघा ना.

डॉक्टर नंदकुमार सबनीस म्हणजे मोठा कडक माणूस. एका संध्याकाळी साठ-सत्तर पेशंट तपासायचा, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला त्याचा राग थोडा थोडाच यायचा. त्याने गुणाजीचं पोट दाबलं आणि दुखतं का विचारलं. गुणाजी कळवळला. डावीकडे दाबलं तरी कळवळला. डॉक्टरने हात काढून घेतला त्यानंतरही थोडा वेळ कळवळला. शेवटी डॉक्टरने केसपेपरवर नाव, वय आणि वजन लिहिलं, कागदाची पट्टी डकवलेली गुलाबी डोसची बाटली दिली, गोळ्या दिल्या, टॉनिक लिहून दिलं. तेल, तूप, मटण बंद. आणि बजावलं की पंधरा दिवसांत थांबलं नाही तर परत यायचं, अंगावर काढायचं नाही.

घरी आल्यावर औषधाची वाटणी झाली. डोस आणि गोळ्या सुलक्षणाला. टॉनिक गुणाजीने ठेवून घेतलं. बाटलीवर नाव त्याचं होतं ना. पथ्यही ज्याच्या नावाचं त्याच्याकडेच गेलं. मेंबरांदेखत गुणाजी मऊ भात, मुगाचं पाणी आणि भाजलेला पापड खायला लागला. आणि जिच्या पोटात पीळ पडत होता ती त्याच्यासाठी मुगाचं पाणी गाळून, उंबऱ्याशी बसून, सहदेवच्या समोर मटणाचा रस्सा ओरपत होती. न ओरपून सांगते कुणाला? तिने पथ्य केलं तर मग ते पोट कुणाचं, हे उघडं पडलं असतं.

डोसाने कळ थांबली नाही. मात्र गुणाजीचं आजारपण चांगलं बाळसं धरत होतं. खिडकीजवळची कॉट त्याला मिळाली. मेंबर कामावरून येताना त्याच्यासाठी मोसंबी आणायचे, शहाळं आणायचे. सहदेवने तर गावाला पत्र घालून त्याच्या नावाने देवाला गाऱ्हाणं घालायला लावलं. चाळीतल्या बायका येऊन त्याच्या उशाशी बसायच्या आणि जाताना सुलक्षणाला सांगायच्या की ह्यांना जरा जप गो, पुरुष माणसाला दुखणं सोसत नाही. गुणाजीला हे सगळं लागू पडत होतं. गिरणी सुटल्यापासून त्याला कुणी काही विचारत नव्हतं. आता रोज अठरा माणसं विचारत होती, आज कसं आहे? तो डोळे मिटून सांगायचा, आहे तसंच आहे. आणि दुपारी चाळ निजली की नाक्यावर जाऊन बटाटेवडे हाणून यायचा, कारण मुगाच्या पाण्याने कुणा धडधाकट माणसाचं भागतं?

सुलक्षणा मोसंबीच्या साली भरून टाकायची तेव्हा तिच्या मनात येई, दुखणं माझं आणि मोसंबी ह्याला. तिला नवऱ्याचा हेवा वाटायचा. हसू नका, खरोखर वाटायचा. कुणीतरी आपल्याही उशाशी बसून नुसतं विचारावं, फार दुखतं का गो? पण ते विचारायला दुखणं तिच्या नावावर नव्हतं.

पुन्हा गुणाजीला पाठवलं, मे महिन्यात. डॉक्टर सबनीसने पुन्हा दाबून पाहिलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. तीन महिने दुखतंय म्हणतो, वरचेवर उलट्या होतात म्हणतो, तर हे हलक्यात घ्यायचं नाही, म्हणून त्याने गुणाजीला बेरियमच्या फोटोला धाडलं. उपाशीपोटी जाऊन खडूसारखं पांढरं पाणी प्यायचं आणि यंत्रापुढे उभं राहायचं. गुणाजी ते पाणी प्यायला, वळवला तसा वळला, आणि घरी येऊन दोन दिवस ते वर्णन सांगत बसला. रिपोर्ट आला, पोट साफ, कुठे काही नाही. नसणारच होतं. डॉक्टरने पुन्हा एकदा त्याचं उरलंसुरलं कण्हणं ऐकलं, बंद गिरणीची हकीकत विचारली आणि निकाल दिला की हे पोटाचं नाही, मनाचं आहे, मन खंबीर ठेवा.

निरोप घरी पोचला. नवऱ्याच्या पोटाचा फोटो उजेडाकडे धरून सुलक्षणाने नीट निरखला. तिला त्यातलं काय कळणार? पण इतकी मोठी काच, त्यावर कुठे डाग नाही, आणि डॉक्टर स्वतः म्हणतोय काही नाही. तिच्या जिवाला बरं वाटलं. फोटो कुणाचा, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण घाबरलेल्या माणसाला दिलासा हवा असला की तो कुणाच्या पोटाचा, हे तो विचारत नाही. तिने मन खंबीर करायचं ठरवलं. कळ आली की ती दात आवळून मनाशी म्हणायची, हे मनाचं आहे. मग मोरीत जाऊन नळ सोडायची.

श्रावण लागला. मेंबरांचं मटण बंद झालं, खानावळीत वरण, भात, पालेभाजी सुरू झाली, आणि दुखणंही गप्प बसलं. आठ-दहा दिवस कळ आलीच नाही. सुलक्षणाला वाटलं, झालं मन खंबीर. तिने गुणाजीलाही सांगून टाकलं की आता तुम्ही बरे व्हा. गुणाजीचा चेहरा पडला. कॉट, मोसंबी, सगळं सोडून एकदम बरं होणं त्याच्या जिवावर आलं. म्हणाला, हळूहळू होतो.

नारळी पौर्णिमेला खानावळीत नारळीभात व्हायचा. कोकणातली माणसं ती, त्या दिवशी समुद्राला नारळ आणि पोटाला नारळीभात नको का? सढळ तूप, गूळ, वरून पुन्हा तूप. सुलक्षणाने उंबऱ्याशी बसून दोन वाढी खाल्ल्या. दहा दिवस कळ नव्हती, म्हणून तिसरीही घेतली. त्या संध्याकाळी कळ आली ती गेलीच नाही. सकाळी डबे भरताना तिला हुडहुडी भरली. तीन पेटते स्टोव्ह भोवती आणि बाई दातावर दात वाजवत पोळ्या लाटतेय. लघवी काळ्या चहासारखी झाली. दुपारी ताप इतका चढला की तिला समोरच्या एका टोपाचे दोन दिसायला लागले. तेव्हाही तिने काय करावं? गुणाजीला उठवलं आणि सांगितलं, जाऊन सांगा, ताप आलाय, काहीतरी जोरदार द्या म्हणावं.

गुणाजी गेला. ह्या वेळी तालमीला वेळ नव्हता. डॉक्टर सबनीसने त्याला आधी काट्यावर उभं केलं आणि जुन्या केसपेपरशी ताडून पाहिलं. सहा महिने उलट्या होणाऱ्या, मुगाच्या पाण्यावर जगणाऱ्या ह्या पेशंटचं वजन चार किलो वाढलं होतं. ताप आहे का, त्याने विचारलं. आहे, फार आहे, गुणाजी म्हणाला. डॉक्टरने त्याचा हात धरून पाहिला, गार होता. मग त्याने विचारलं, थंडी वाजून येतो का?

“विचारून सांगतो,” गुणाजी म्हणाला.

डॉक्टरने पेन खाली ठेवलं.

“कुणाला विचारून?”

जत्रेतला राजा तिथेच मेला, आणि ह्या वेळी फार वेळ घेतला नाही. गुणाजीने सगळं सांगून टाकलं. खानावळ, मेंबर, तालीम, डोस कुणी घेतला, टॉनिक कुणी प्यायलं. बाहेर वीस माणसं खोळंबली होती. डॉक्टरला जो राग आला त्यातला अर्धा स्वतःवरचा होता. सहा महिने तो एका धडधाकट माणसाचं पोट दाबत होता आणि ते पोट धडधाकट आहे हे त्याच्या बोटांना कळतही होतं. फक्त साठ पेशंटांच्या गर्दीत पुढचा सवाल विचारायला त्याला सवड झाली नव्हती.

“जिचं दुखतं तिलाच बघावं लागतं,” तो म्हणाला. “पंधरा दिवसांत न थांबलेलं पोट, एकाच जागी पुन्हा पुन्हा येणारी कळ, उलट्या, वजन उतरणं, एवढ्यालाच ती मार्चमध्ये यायला हवी होती. आता थंडी भरून ताप असेल आणि डोळे पिवळे असतील तर आजच्या आज. डोळे पिवळे आहेत का तिचे?”

गुणाजीला सांगता येईना. बायकोच्या डोळ्यांत त्याने शेवटचं कधी बघितलं होतं, तेही विचारूनच सांगावं लागलं असतं.

तो पळत घरी आला. कितीतरी वर्षांत त्याला कुणी पळताना पाहिलं नव्हतं. पहिली पंगत बसली होती आणि सुलक्षणा भिंतीला पाठ टेकून, एका हाताने वाढत होती. त्याने तिचं तोंड उजेडाकडे फिरवलं. डोळे हळद लावल्यासारखे पिवळे. ती हळूच म्हणाली की दुसरी पंगत उरकते, मग जाऊ. तेव्हा गुणाजीने तीन वर्षांत न केलेलं काम केलं. एकेका स्टोव्हची हवा सोडून तिन्ही स्टोव्ह विझवले. दहा मेंबर हातातला घास हातात धरून बघत राहिले.

दवाखान्याच्या बाकावर ती बसली. नुसती बसली नाही, पोट धरून बसली. दुसऱ्या तऱ्हेने बसताच येत नव्हतं. बाक भरलेला होता आणि त्यातली निम्मी माणसं भटवाडीतली. कंपाउंडरने नाव पुकारलं, गुणाजी धुरी. दोघं उठली. दारातच डॉक्टरने विचारलं की पेशंट कोण, आणि सवयीने गुणाजीचा हात स्वतःच्या पोटाकडे गेला.

“माझं दुखतं,” सुलक्षणा म्हणाली. “दिवाळीपासून माझंच दुखतंय.”

बाकावर सगळ्यांनी ते ऐकलं. जी गोष्ट लपवायला तिने दहा महिने जिवाचं रान केलं, ती एवढ्याशा वाक्यात बाहेर पडली आणि वर छप्पर काही कोसळलं नाही. डॉक्टरने तिला आडवं केलं आणि उजव्या बरगडीखाली हात ठेवला. दुखतं त्याच जागी, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणाचा तरी हात आला होता. तिला रडू फुटलं. डॉक्टरला वाटलं फार दाबलं. त्याने हात सैल केला. मग त्याने कोरा केसपेपर घेतला, त्यावर तिचं नाव लिहिलं, आणि टॅक्सी बोलवायला सांगितली.

म्युनिसिपालिटीच्या मोठ्या हॉस्पिटलात तिला सलाईनं लागली, इंजेक्शनं लागली, ताप उतरवायलाच पाच दिवस गेले. मग पोट फाडलं. पित्ताची पिशवी खड्यांनी भरलेली, त्यातला एक खडा नळीत जाऊन अडकलेला, मागे पू झालेला. मार्चमध्ये आली असती तर सरळ ऑपरेशन करून घरी गेली असती, असं तिथले मोठे डॉक्टर म्हणाले. आणखी दोन दिवस काढले असते तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही, नुसती मान हलवली. काढलेले खडे बाटलीत घालून नातेवाइकांकडे दिले. गुणाजी ती बाटली खिशात घेऊन हिंडायचा आणि भेटेल त्याला दाखवायचा. हे बघा, सतरा आहेत. फार सोसलं हो आम्ही, म्हणायचा. आम्ही!

मेंबर भेटायला येतील असं तिला वाटलं नव्हतं. ती पडल्या पडल्या बोटांवर मोजत होती की कोण कोण गेला असेल, कुणाचं ताट आता कुठल्या दारात असेल. टाके पडून चार दिवस झाले तेव्हा सहदेव आला. भेटीची वेळ होती, वॉर्डात गर्दी होती. स्टुलाच्या कडेवर बसून त्याने आधी इकडचं तिकडचं सांगितलं. मेंबर सगळे आहेत, कुणी गेलेला नाही, सध्या पाव आणि ऑम्लेटवर दिवस काढतायत, वैनी कधी येताय म्हणून विचारतायत. सुलक्षणाला खरंच वाटेना. तिने डोळे मिटले आणि तिच्या जिवावरचं मोठं ओझं उतरलं. देवाच्या दयेने सगळे राहिले. आपल्या जेवणावर संशय न घेता राहिले. मग तिने कबुलीच दिली. म्हणाली, तुम्हा सगळ्यांना फसवलं रे, पोट ह्यांचं नव्हतं, माझं होतं, तुम्ही सोडून जाल म्हणून बोलले नाही.

सहदेवने फरशीकडे बघितलं.

“आमका म्हायत होता, वैनी. शिमग्यापासून.”

तिला आधी नीट कळलंच नाही. मग तो सांगत गेला, अगदी साधेपणाने, गावचा रस्ता सांगावा तसा. मोरीतला नळ सुटला की आतून उलटीचा आवाज येतोच, एवढीशी ती खोली. टोप उचलताना तुम्ही ओठ चावायच्या ते समोरूनच दिसायचं. रस्सा जेवलात की पाऊण तासाने तुम्ही दिसेनाशा व्हायच्या. भावोजी नाक्यावर वडे खाताना तर सगळ्यांनीच पाहिले होते. मेंबरांत ह्यावर बोलणंही झालं होतं, एकदा नव्हे, दोनदा. सांगावं की न सांगावं. शेवटी सगळ्यांचं मत पडलं की न सांगावं, आणि मन खाऊ नये म्हणून भावोजींना मोसंबी नेत जावी.

सुलक्षणाने विचारलं की बोलला का नाहीत.

“तुमी दवाखान्यात गेलात तर जेवान बंद पडला असता ना,” सहदेव म्हणाला.

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती, हेच तर वाईट. रोज तिच्या हातचं जेवणारी, तिला वैनी म्हणणारी अठरा माणसं. त्यांनी तिचं दुखणं नीट पाहिलं होतं, त्याच्यावर बैठका घेतल्या होत्या, आणि भाताला उशीर होईल म्हणून गप्प बसली होती. तिला संताप आला. टाके ताणले गेले इतका आला. ती कोपरावर जोर देऊन जरा वर सरकली आणि तिने त्याच्याकडे बघितलं.

“आणि मी मेले असते तर, सहदेव?”

सहदेव स्टुलावर चुळबुळला. मग खालच्या आवाजात म्हणाला, “तसो इचार नाय केलो.”

“मग आता कर,” ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून निजली.